खेळाडू पोराचा पैसा आणि पालकाची सही : सोलापूरच्या घरांसाठी पायरीपायरीने

गदा कुणाच्या घरात राहायची, यावरून भांडण माझ्याकडे आलं होतं. पोरगा एकोणीस वर्षांचा, सोळाव्या वर्षापासून जिल्ह्यातल्या जत्रांत कुस्तीच्या फडात लढणारा. वडील लहानपणीच गेले. चुलत्याने तालमीत घातलं, घरची म्हैस विकून खुराक पुरवला, प्रत्येक मैदानाला स्वतः घेऊन गेला. तीन वर्षांत आलेलं इनाम चुलत्याच्याच हातात जायचं. आता आई म्हणते ट्रॅक्टरची नवी ट्रॉली कुठून आली ते सांगा, चुलता म्हणतो सगळं पोराच्या अंगात गेलं. पोरगा खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, पैसे गेले तर गेले. पण किती आले होते, तेवढं तरी सांगा म्हणावं की काकांना."

काकांना सांगता आलं नाही. त्यांनी लबाडी केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लिहिलेलं काही नव्हतं, एवढंच.

सोलापूरच्या कोर्टात मी वीस वर्षं वकिली करते आणि त्याआधी शाळेकडून खो-खो खेळले आहे. दोन्हीकडून मला एकच दिसलं : खेळाडूच्या घरात पैशावरून फूट पडते ती बहुतेक वेळा लोभापेक्षा हिशेब नसल्यामुळे. आणि हिशेब मागितला की तो अपमान वाटतो. म्हणून हे सगळं पहिलं बक्षीस येण्याआधी करायचं असतं. ज्यांच्या घरात बारा-पंधरा वर्षांचं पोर मॅटवर, मातीत, ट्रॅकवर किंवा पार्कच्या मैदानात घाम गाळतंय, त्यांनी सवडीने वाचावं.

पहिली पायरी : कागदावर पालक कोण, हे ठरवा

अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पोर कायद्याने अज्ञान. पूर्वी कोर्टाने पालक नेमला असेल तर सज्ञान व्हायचं वय एकवीस धरत. १९९९ च्या दुरुस्तीनंतर तो फरक गेला, आता सगळ्यांना अठराच. गावाकडे अजून "एकवीसपर्यंत थांब" म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

हिंदू घरांना १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागतो. त्यात नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि "त्यांच्यानंतर" आई, असं लिहिलंय. या "नंतर" शब्दावर गीता हरिहरन यांनी रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढा दिला आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की "नंतर" म्हणजे वडील वारल्यावरच असं नाही. वडील घरात लक्ष घालत नसतील, परगावी असतील, जबाबदारी घेण्याच्या स्थितीत नसतील, तर आई पालक म्हणून सही करू शकते. आपल्याकडे विड्या वळून, शिलाई मारून पोराला स्पर्धेला पाठवणाऱ्या कितीतरी आया आहेत आणि फॉर्मवर मात्र वर्षानुवर्षं न दिसलेल्या नवऱ्याची सही शोधत फिरतात. त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुस्लिम घरांत गोष्ट वेगळी आहे. पोराच्या मालमत्तेचे पालक वडील, मग वडिलांनी मृत्युपत्राने नेमलेला माणूस, मग वडिलांचे वडील. आई आपोआप मालमत्तेची पालक होत नाही. बँकेतलं खातं आईच्या पालकत्वाखाली उघडता येतं, पण पोराच्या नावची जमीन किंवा घर हाताळायचं असेल तर तिने आधी न्यायालयातून नेमणूक करून घ्यायला हवी.

आता काका, मामा, थोरला भाऊ, वस्ताद, कोच. पोराला वाढवणारी खरी माणसं पुष्कळदा हीच असतात. पण १९५६ च्या त्याच कायद्याचं कलम ११ सांगतं, की केवळ प्रत्यक्ष सांभाळ करतो म्हणून कुणालाही हिंदू अज्ञानाच्या मालमत्तेचे व्यवहार करता येत नाहीत. माझ्याकडे आलेल्या त्या पोराचे पालक कायद्याने त्याची आई होती. चुलत्याने जे केलं ते प्रेमाने केलं असेल, पण पैशावर सही करायचा अधिकार त्याला एक दिवसही नव्हता.

पोर कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या तालमीत राहायला पाठवत असाल तर वस्तादांच्या नावे एक साधं संमतीपत्र करून द्या : स्पर्धेची नोंदणी, शाळेतला दाखला, दवाखान्यात तातडीने दाखल करणं, एवढ्यापुरतं. पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात घालू नका. चांगला वस्ताद याला हरकत घेत नाही, उलट त्याच्या डोक्यावरचा भार कमी होतो.

आणि जन्मतारीख. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, स्पर्धेचं ओळखपत्र, सगळीकडे एकच तारीख हवी. गटात बसावं म्हणून वर्ष-दीड वर्ष कमी लावलेलं वय पुढे खातं, पॅन, दस्त आणि दाव्याची मुदत, सगळीकडे आडवं येतं. खेळावर बंदी येते ते वेगळंच.

"दत्तक घेतला" म्हणजे नेमकं काय

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, पुढारीही पुष्कळ. मैदानात लाउडस्पीकरवर जाहीर होतं : "या पैलवानाला आजपासून साहेबांनी दत्तक घेतलं आहे!" टाळ्या पडतात, फेटा बांधला जातो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा दरमहा मानधन किंवा खुराकाचा खर्च, इतकाच असतो. ही मदत मोलाची आहे, मी तिला नाव ठेवत नाही. पण कायद्याचं दत्तकविधान वेगळं. हिंदू दत्तक कायद्यात जन्मदात्यांनी मूल देणं आणि दत्तक घेणाऱ्याने ते स्वीकारणं प्रत्यक्ष घडावं लागतं, आणि रूढी वेगळी नसेल तर मुलाने वयाची पंधरा वर्षं पूर्ण केलेली नसावीत. मंचावरच्या घोषणेने ना वारसाहक्क मिळतो, ना त्या साहेबांना पोराच्या पैशावर सही करता येते.

या एका शब्दाच्या घोळाने अमेरिकेत केवढं रामायण झालं ते सांगते. मायकेल ओहर हा मेम्फिसचा गरीब घरातला मुलगा. एका श्रीमंत कुटुंबाने त्याला आसरा दिला, पुढे तो अमेरिकन फुटबॉलचा मोठा खेळाडू झाला. त्यांनी आपल्याला दत्तक घेतलंय असं तो धरून चालला होता. २००४ मध्ये, तो अठरा वर्षांचा झाल्यावर, कोर्टात झाला होता तो मात्र दत्तकाचा नव्हे तर पालकत्वाचा आदेश, ज्याने त्याच्या वतीने करार करण्याचा अधिकार त्या पती-पत्नीला मिळत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने न्यायालयात अर्ज केला, की माझ्या नावावर यांनी पैसा मिळवला. कुटुंबाने आरोप नाकारले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ते पालकत्व संपवलं, पण तोवर मधे जवळजवळ एकोणीस वर्षं गेली होती, आणि पैशाचा वाद त्यानंतरही उरलाच.

आपल्याकडे धडधाकट सज्ञान माणसावर असं पालकत्व बसवता येत नाही. तरीही मानधन देणाऱ्याकडून एका कागदावर लिहून घ्या : किती, किती महिने, बदल्यात काय, आणि हे दत्तकविधान नव्हे. चार ओळी पुरतात.

दुसरी पायरी : पोराचं स्वतःचं खातं आणि पॅन

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अज्ञान मुलांच्या खात्यांबाबत सूचना एकत्र करून दिल्या. कोणत्याही वयाच्या मुलाचं बचत किंवा मुदत ठेव खातं नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडता येतं, आणि आईसुद्धा पालक म्हणून चालते. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवता येतं. काउंटरवर कुणी "वडिलांना घेऊन या" म्हणालं तर शांतपणे शाखाधिकाऱ्याकडे जा.

संयुक्त खातं टाळा. बाप-लेकाचं जोडखातं सोयीचं वाटतं, पण त्यात पोराचं इनाम, बापाचा पगार, दुधाचे पैसे आणि पीककर्ज सगळं एकत्र कालवलं जातं आणि नंतर कुणाचं काय ते ब्रह्मदेवालाही वेगळं करता येत नाही. क्रीडा खात्याची बक्षिसं आणि शिष्यवृत्त्या पोराच्याच खात्यात घ्या. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद सांगितली जाते. ते सगळं हातात येतं अशी अनेकांची समजूत असते. त्यातला जेमतेम १ लाख २० हजार एवढा खिशाचा भत्ता खेळाडूला मिळतो, बाकी प्रशिक्षण, राहणं, आहार यांवर जातो. हे माहीत नसल्यामुळे "बाकीचे पाच लाख कुठं गेले?" म्हणून बापावर संशय घेतलेला मी पाहिलाय.

मोठी रक्कम आली तर मुदत ठेव पोराच्या नावाने करा आणि मुदत अठरा वर्षं पूर्ण झाल्यानंतर संपेल अशी ठेवा. म्हणजे पैसे त्याच्याच सहीने निघतील.

पॅन अज्ञान मुलाचंही काढता येतं. त्यावर फोटो आणि सही नसते, अठराव्या वर्षानंतर ती घालून घ्यायची. आयकराचा एक मुद्दा कामाचा आहे : एरवी मुलाचं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवतात, पण मुलाने अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्यावर मिळवलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचं धरलं जातं. त्या पैशाच्या ठेवीवरचं व्याज मात्र पुन्हा पालकाच्या उत्पन्नात जातं. रक्कम लाखात असेल तर सीएला दाखवा.

तिसरी पायरी : वही

मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगते ते हे. दोनशे पानी बांधीव वही घ्या, सुटे कागद नकोत. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जत्रेच्या कुस्तीत पैसा रोख असतो, आणि तो तीन वाटांनी येतो हे खेळणाऱ्याच्या घरालाच माहीत असतं : कमिटीने जाहीर केलेलं इनाम, प्रत्यक्ष हातात पडलेलं इनाम, आणि जिंकल्यावर मैदानाला फेरी मारताना लोकांनी हातात कोंबलेल्या दहा-वीस-पन्नासच्या नोटा. जाहीर आकडा सगळ्या गावाने ऐकलेला असतो. भांडणात तोच आकडा निघतो. म्हणून तिन्ही रकाने वेगळे ठेवा. एक पान असं दिसेल :

"रविवार. जत्रा. दुसऱ्या क्रमांकाची जोड. जाहीर ५,०००. हातात ३,५००. फेरीत ६४०. एकूण ४,१४०. वस्तादांना ५००. गाडीभाडं ८००. उरले २,८४०. सोमवारी खात्यात भरले."

खाली पालकाची सही, शेजारी पोराची. पोर अकरा वर्षांचं असलं तरी त्याची सही घ्या. कायद्यात त्या सहीला वजन असो वा नसो, त्याला कळतं की हा पैसा आपला आहे आणि बाप तो लपवत नाही. गाडी घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात, अंगाला अजून फडाची लाल माती असते, जेवून झोपावंसं वाटतं. तरी वही त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशी फेरीतले ६४० आठवत नाहीत.

उजव्या पानावर बदाम, तूप, दूध, लंगोट, बूट, स्पर्धेची फी, फिजिओथेरपी. दूधवाल्याची महिन्याची चिठ्ठी आणि किराण्याचं बिल वहीतच टाचून ठेवा.

आता आईबापाच्या बाजूचं. ज्यांनी म्हैस, दागिना, अर्धा एकर विकून पोर उभं केलं त्यांना "हिशेब दे" म्हणणं क्रूर वाटतं, हे मला समजतं. वहीने सगळ्यात मोठं रक्षण त्यांचंच होतं. पोराच्या पैशातून पोराच्या हिताचा वाजवी खर्च करण्याचा पालकाला अधिकार आहे, आणि तो केल्याचा पुरावा वही देते. इनाम सुरू व्हायच्या आधी घातलेला पैसा ही माया होती की उसनवारी, हेही वहीच्या पहिल्याच पानावर मोकळेपणाने लिहून टाका. "आम्ही दिलं ते दिलं" असं लिहिलं तरी चालेल. मनात एक आणि तोंडावर दुसरं, असं नको.

चुलत्या-चुलत्यांच्या घरात एक वाक्य हमखास येतं : "एकत्र कुटुंबाच्या पैशावर खेळला, तेव्हा कमाईही एकत्र." याला उत्तर फार जुनं आहे. १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने सांगितलं, की शिक्षणाने किंवा एखाद्या व्यवसायासाठी घेतलेल्या कुठल्याही प्रशिक्षणाने मिळवलेली कमाई ही त्या माणसाची स्वतःची. त्या शिक्षणाला कुटुंबाने पैसा पुरवला एवढ्यावरून ती सामायिक होत नाही. पोराने आपखुशीने घरात दिलं तर आनंदच. पण वाटणीत हक्काने मागता येत नाही.

चौथी पायरी : करारावर सही

नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने १ कोटी १० लाखांना घेतलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. इतका मोठा आकडा आपल्या दारात येईल न येईल, पण बूट-कपडे पुरवणारा दुकानदार, जाहिरात करणारा सराफ, अकादमी, एजंट, हे येतात आणि छापील कागद पुढे करतात.

अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात सांगितलं. म्हणून पालकाची सही घेतात. पण पालकाच्या सहीनेही पोराची बाजू पूर्ण सुरक्षित होत नाही. १९४९ चा मुंबई उच्च न्यायालयाचा राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा निकाल बघा : अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपटात काम करण्याचा करार केला, पुढे तिला काम दिलं नाही, आणि तिने नुकसानभरपाई मागितली तेव्हा न्यायालयाने म्हटलं की अज्ञानाच्या वैयक्तिक सेवेचा असा करार तिला बजावून घेता येत नाही. खेळाडूच्या घराने यातून घ्यायचं ते हे, की आधी सेवा आणि वर्षअखेरीस पैसे अशी अट मान्य करू नका. रक्कम हप्त्याने आणि आगाऊ घ्या, थेट पोराच्या खात्यात.

कराराची मुदत अठराव्या वाढदिवसाच्या पुढे जाऊ देऊ नका. एजंटाचा टक्का आणि तो कशावर लागणार हे शब्दांत लिहून घ्या. सरकारी बक्षीस आणि शिष्यवृत्तीवर टक्का देऊ नका. दुखापत झाली तर दिलेलं साहित्य किंवा रक्कम परत मागणारं कलम दिसलं तर ते खोडायला लावा. कागद मराठीत मागा, आणि सही केल्या दिवशीच एक प्रत घरी न्या. "प्रत नंतर पाठवतो" म्हणाले तर सहीसुद्धा नंतरच.

पोराच्या नावावर कर्ज काढता येत नाही आणि पालकाला स्वतःच्या शब्दाने पोराला वैयक्तिक हमीत बांधता येत नाही, हेही इथेच सांगून ठेवते.

पाचवी पायरी : जमीन घेणार असाल तर

इनामाच्या पैशातून अर्धा एकर घ्यावी असं आपल्याकडे प्रत्येकाला वाटतं. घ्या, पण पोराच्या पैशाची जमीन पोराच्याच नावावर घ्या. वडिलांच्या नावावर घेतली की पुढे भाऊ-बहिणी वारस म्हणून उभे राहतात आणि ती कुणाच्या पैशाची होती हे सिद्ध करताना बेनामी व्यवहाराच्या कायद्याशी गाठ पडते. अज्ञानाच्या नावावर खरेदीखत होऊ शकतं. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं. अठरा पूर्ण झाल्यावर वयाचा पुरावा जोडून तो शेरा कमी करायचा अर्ज द्यायचा, महसूल खात्याच्या ई-हक्क या संकेतस्थळावरूनही देता येतो. पंचवीस-तीस वर्षांची माणसं अजून सातबाऱ्यावर अज्ञान दिसतात, कारण हा अर्ज कुणी दिलेलाच नसतो.

विकायची वेळ आली तर नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते, १९५६ च्या कायद्याचं कलम ८. परवानगीशिवाय झालेली विक्री पोराला रद्द करून मागता येते. घेणाऱ्यानेही हे तपासावं.

सहावी पायरी : न्यायालयातून पालक नेमून घेणं

आईवडील दोघेही नसतील, दोघांत टोकाचं भांडण असेल, किंवा जे आहेत तेच पैसा उडवत असतील, तर १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. मालमत्तेच्या पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, पोर राहतं तिथे किंवा मालमत्ता आहे तिथे. नातेवाईक किंवा स्नेहीही अर्ज करू शकतो, म्हणजे भल्या वस्तादालाही दार उघडं आहे. सोबत जन्मदाखला, आईवडिलांपैकी कुणी वारले असल्यास मृत्यूदाखला, शाळेचा दाखला, राहण्याचा पुरावा, खात्यांची आणि जमिनीची यादी, जवळच्या नातेवाइकांची नावं. नातेवाइकांना नोटिसा जातात. न्यायाधीश पोराचं हित बघतात, आणि समजण्याइतकं मोठं असेल तर त्याला स्वतःला विचारतात. चौदा-पंधरा वर्षांची पोरं तिथे काय स्पष्ट बोलतात, ऐकत राहावं.

नेमलेला पालक विश्वस्तासारखा असतो. स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, स्वतःच्या मालमत्तेइतकी काळजी घ्यायची, न्यायालयाने सांगितलं तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे हिशेब द्यायचे. गैरवागणूक दिसली तर काढून टाकता येतं.

बौद्धिक अपंगत्व असलेली आपली मुलं स्पेशल ऑलिम्पिकमध्ये खेळतात. त्यांच्या आईवडिलांनी अठराव्या वर्षी थांबू नये. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरानंतरचा कायदेशीर पालक नेमते. त्यालाही सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो.

सातवी पायरी : अठरावा वाढदिवस

त्या आठवड्यात बँकेत जा. पालकाचा सहीचा अधिकार संपतो. नव्या सह्यांचा नमुना आणि नव्या सूचना पोराने स्वतः द्यायच्या. पॅन दुरुस्त करा, अ.पा.क. काढा, चालू करार पोराने स्वतः वाचावेत आणि हवे असतील तर नव्याने करावेत. आणि वही. घरातल्या मोठ्या माणसासमोर शेवटचा हिशेब वाचा, शिल्लक लिहा, दोघांनी सह्या करा, "हिशेब पाहिला, मिळाला" असं पोराने आपल्या हाताने लिहावं. या अर्ध्या तासाने पुढच्या वीस वर्षांची बोलणी वाचतात.

त्याच आठवड्यात घरातलं कुणीतरी कुलमुखत्यारपत्राचा विषय काढतं. "तू शिबिरात असतोस, आम्ही बघतो सगळं." अमेरिकेतल्या आइस हॉकीपटू जॅक जॉन्सनने २००८ मध्ये आईला असंच मुखत्यारपत्र दिलं होतं. त्याच्या नावावर कोट्यवधी डॉलरची कर्जं उभी राहिली आणि २०१४ मध्ये, कोट्यवधींचा पगार असताना, त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मुखत्यारपत्र द्यायचंच तर एका कामापुरतं द्या, मुदत घाला, आणि कर्ज काढणे, जामीन राहणे, विकणे हे अधिकार स्पष्ट शब्दांत वगळा.

वाद उभा राहिलाच तर

आधी कागद गोळा करा. खात्याचे उतारे, स्पर्धेच्या कमिटीची पत्रकं, फोटो, मोबाइलमधले निरोप. कुस्तीच्या पत्रकावर इनामाचे आकडे छापलेले असतात, ती पत्रकं जुन्या माणसांकडे सापडतात.

मग घरात बसून लेखी हिशेब मागा, पंधरा दिवसांची मुदत देऊन. भाषा मऊ ठेवा. नाही मिळाला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन केला तरी मार्ग सांगतात. दावा दाखल करायच्या आधीच मध्यस्थी किंवा लोकअदालतीत मिटवता येतं. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून तडजोडीचा प्रत्येक आकडा वाचूनच सही करा.

मुदत विसरू नका. पालकाने केलेली विक्री रद्द करून घ्यायला अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं मिळतात. अज्ञानपणी अडकलेल्या पैशाच्या दाव्यालाही साधारण तेवढीच सवलत. म्हणजे एकवीस पूर्ण व्हायच्या आत. "आधी नॅशनल होऊ दे, मग बघू" म्हणत ही तीन वर्षं निघून जातात.

पोलिसांत जाता येतं का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. विश्वासघात, खोटी सही, बनावट दस्त असेल तर भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. खोटी सही झाली असेल तर जाच. पण केवळ हिशेब लागत नाही म्हणून आईबापावर किंवा चुलत्यावर गुन्हा नोंदवायला मी सहसा सांगत नाही. जामिनाची धावपळ सुरू झाली की हिशेब बाजूलाच पडतो, आणि पोराचा सरावही बुडतो.

आईबापांनाही हक्क आहेत. स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर कमावत्या सज्ञान मुलाकडून पोटगी मागता येते, ज्येष्ठांसाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण आहे. तडजोड लिहिताना दरमहा त्यांना काय द्यायचं हेही त्यातच लिहा. पोराकडून मागून घ्यावं लागणं बापाला फार जड जातं.

त्या गदेच्या भांडणात आम्ही दावा लावला नाही, मध्यस्थीत गेलो. दुसऱ्या बैठकीला काका एक नायलॉनची पिशवी घेऊन आले. आत तीन वर्षांच्या दुधाच्या चिठ्ठ्या होत्या, काही भिजून चिकटलेल्या. पोरगा आणि ते दोघे मिळून त्या टेबलावर महिन्यांप्रमाणे लावत बसले. अजून चौदा महिन्यांचा मेळ लागायचा आहे. गदा सध्या काकांच्याच घरी आहे. पुढची तारीख गड्ड्याच्या यात्रेनंतरची मिळाली आहे.